पैठणी परदेशी पाठवताना : प्रकल्प नोंदी

काम : पैठणमधल्या एका लहान हातमाग कारखान्याची विक्री देशाबाहेर नेणे. माल : पैठणी साडी, ओढणी, स्टोल. हाताशी असलेलं : 'डॉट इन' पत्त्याची जुनी वेबसाइट, व्हॉट्सॲपवरची ओळखीची गिऱ्हाइकं आणि आयात-निर्यात कोड.

18 ऑगस्ट 2025

आधी कागद, मग वेबसाइट. जाहिरात चालली आणि पार्सल कस्टम्समध्ये अडकलं तर सगळं मुसळ केरात.

आयात-निर्यात कोड डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत करावा लागतो. बदल काहीच नसला तरी 'बदल नाही' असं नोंदवावंच लागतं, नाहीतर कोड निष्क्रिय होतो आणि कुरिअरवाला पार्सल उचलत नाही. जीएसटीत एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरलं (फॉर्म आरएफडी-11). त्यामुळे निर्यातीच्या बिलावर कर न भरता माल पाठवता येतो. हे पत्र एका आर्थिक वर्षापुरतंच चालतं, एक एप्रिलला पुन्हा नवं. बँकेकडून एडी कोडचं (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेच्या क्रमांकाचं) पत्र घेऊन आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर नोंदणी टाकली. निर्यात बिलाला (कस्टम्सकडे भरायच्या शिपिंग बिलाला) बँक खातं यातूनच जोडलं जातं.

एचएस कोड (कस्टम्ससाठी मालाच्या वर्गवारीचे क्रमांक) ठरवून प्रत्येक वस्तूच्या नोंदीत घातले : रेशमी साडी 5007 20, रेशमी स्टोल आणि ओढणी 6214 10. साडी शिवलेली नसते म्हणून ती कापडाच्या प्रकरणात बसते, स्टोल मात्र तयार वस्त्रांत. दोन्हींवर एकच कोड टाकण्याची पद्धत सर्रास दिसते आणि तपासणीत तीच नडते.

21 ऑगस्ट

'डॉट कॉम' नाव घेतलं. 'डॉट इन' हा पत्ता गूगल भारतासाठीचा मानतो, त्यामुळे सिडनीत बसून कोणी पैठणी शोधली तर तो मागे पडतो. जुन्या साइटच्या प्रत्येक पानाला नवं पान नेमून 301 वळण (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं नेणारं) दिलं. सगळी जुनी पानं एकदम नव्या मुखपृष्ठावर ढकलली की जुन्या पानांनी कमावलेली पत वाया जाते, म्हणून साडीचं पान त्याच साडीच्या पानावर. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीच्या सेवेत) पत्ताबदल नोंदवला. वळणं निदान वर्षभर ठेवायची आणि जुन्या नावाचे पैसे त्याहून जास्त काळ भरत राहायचं. छापील पिशव्यांवर तोच पत्ता आहे.

25 ऑगस्ट

भारतीय टपाल खात्याने आजपासून अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. कारण, 800 डॉलरपर्यंतच्या मालाला तिथे असलेली करमाफी 29 तारखेपासून सगळ्याच देशांसाठी बंद होतेय, आणि कर कोणी, कसा गोळा करायचा हे विमान कंपन्यांना अजून कळलेलं नाही. शिवाय 27 पासून भारतीय मालावर एकूण 50 टक्के जादा शुल्क. अमेरिकेचं पान तूर्त 'चौकशी करा' असं ठेवलं. काढून टाकायचं नाही. शोधात चढलेलं पान उडवलं की परत चढायला महिने जातात.

29 ऑगस्ट

देशांचा क्रम नव्याने लावला.

ऑस्ट्रेलिया पहिला. 1000 ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या पार्सलवर सीमाशुल्क नाही, आणि विक्रेत्याची तिथली वर्षाची विक्री 75,000 डॉलरखाली असेल तर जीएसटी गोळा करण्याची सक्तीही नाही. आपल्या आकाराच्या धंद्याला इतका सरळ बाजार दुसरा नाही. मग ब्रिटन. युरोपीय संघ सध्या बंदच : 13 डिसेंबर 2024 पासून तिथे उत्पादन सुरक्षिततेचा नवा नियम लागू आहे, आणि संघातल्याच एखाद्या जबाबदार व्यक्तीचं नाव-पत्ता वस्तूच्या पानावर द्यावा लागतो. तशी सोय होईपर्यंत शिपिंगच्या यादीतून ते देश काढले. नुसतं 'युरोपला पाठवत नाही' लिहून भागत नाही, पैसे भरायच्या पानावर तो देश निवडताच येता कामा नये.

3 सप्टेंबर

या प्रकल्पाचा कणा असलेलं पान लिहिलं : दाराशी पोचेपर्यंत एकूण किती पडेल.

परदेशी गिऱ्हाईक किमतीला बिचकत नाही, न सांगितलेल्या किमतीला बिचकतं. 300 डॉलरची साडी घेणारी बाई कुरिअरवाल्याने दारात वेगळे 70 मागितले की पार्सल नाकारते. मग परतीचं भाडं, साठवणुकीचं भाडं आणि साडी परत भारतात आणायची कटकट, सगळं आपल्याच अंगावर. म्हणून वस्तूच्या किमतीखालीच देशवार तीन ओळी : टपाल किंवा कुरिअर खर्च, तिथला कर, आणि तो कोण भरणार. कर आपण आधीच भरणार असू तर 'दारात काही द्यावं लागणार नाही' असं ठसठशीत. गिऱ्हाइकाने भरायचा असेल तर अंदाजे आकडा. 'कर लागू शकतो' ही ओळ सगळ्यांच्या साइटवर असते, आणि तिचा कोणालाच उपयोग नाही.

किमती आपोआप रूपांतर करून दाखवायच्या नाहीत. 189.37 डॉलर असा आकडा दिसला की दुकान परक्याचं वाटतं. प्रत्येक चलनात गोल आकडा ठरवला, रुपया तीन टक्क्यांहून जास्त हलला तरच बदलायचा.

9 सप्टेंबर

फोटो. पितृपक्ष चालू आहे, या दिवसांत चौकशा येतात, ऑर्डर येत नाहीत. घटस्थापना 22 ला, त्याआधी चित्रं चढायला हवीत.

पैठणीत दोन गोष्टी कॅमेऱ्याला जड जातात : जर आणि धूपछाव. ताणा (उभे धागे) एका रंगाचा, बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे कापड हललं की रंग हलतो. वरून सरळ काढलेल्या फोटोत दोन्ही मिसळून तिसराच मळकट रंग येतो आणि 'फोटोतली साडी वेगळीच होती' ही तक्रार तिथेच जन्मते. मागावरच्या मावशींनी सोपं सांगितलं : "घडी मोडून उजेडाकडं धरा, मग कळतंय तिचा खरा रंग कोणता."

त्यावरून ठरलेली रीत :
— उत्तरेकडची खिडकी, सकाळी 10 ते 12. खोलीतली ट्यूब बंद. दोन प्रकारचा उजेड मिसळला की रेशमावर हिरवट झाक येते आणि ती नंतर निघत नाही.
— पहिली फ्रेम करड्या कार्डाची. त्यावरून पांढऱ्याचा तोल एकदाच पक्का करायचा आणि त्या बैठकीतल्या सगळ्या फोटोंना तोच लावायचा.
— प्रत्येक साडीचे दोन कोन : एक वरून सरळ, दुसरा कापडाला साधारण 35 अंशांत. दोन्ही फोटोंखाली 'ताणा जांभळा, बाणा हिरवा' असं लिहायचं.
— कॅमेऱ्यात उजेड नेहमीपेक्षा पाऊण स्टॉप (उजेड मोजायचं माप) कमी. नाहीतर जरीचा काठ पांढरा जळतो आणि त्यावरचं नारळी नावाचं टोकदार नक्षीकाम सपाट पट्टी दिसतं.
— पदराची उलटी बाजू आवश्यक. हाताने विणलेल्या पैठणीत बुट्ट्याचे रंग तिल्ल्यांनी (रंगीत धाग्याच्या लहान कांड्यांनी) जागच्या जागी गुंफलेले असतात, मागे लोंबते धागे राहत नाहीत. यंत्रावरच्या नकलेत मागून धाग्यांचं जाळं दिसतं किंवा ते कापलेलं असतं. जाणकार गिऱ्हाईक पहिला फोटो हाच मागतं.
— मोराच्या मानेजवळ स्टीलची पट्टी ठेवून एक जवळचा फोटो. विणीची बारकाई आकड्यात दिसते.

बारा सेकंदांचा, आवाज नसलेला व्हिडिओ, पदर हाताने हळू फिरवताना. 720 पिक्सेल, दोन एमबीच्या आत. रंगाच्या शंका दहा फोटोंपेक्षा यानेच जास्त मिटतात.

12 सप्टेंबर

राणी आणि वांगी रंग साइटवर फिके दिसत होते. नवे फोन रंगांच्या जास्त रुंद पट्ट्यात फोटो साठवतात. साइटवर चढवताना चित्र लहान करणारं सॉफ्टवेअर रंगाची ती माहिती पुसून टाकतं आणि ब्राउझर उरलेले आकडे साध्या पट्ट्यातले समजून दाखवतो. उपाय : चढवण्याआधीच एसआरजीबी या साध्या पट्ट्यात बदलून जतन करायचं. तरीही राणीची अगदी भडक छटा काही पडद्यांच्या आवाक्याबाहेरची आहे. अशा वस्तूंवर 'प्रत्यक्षात थोडा गडद' अशी ओळ.

17 सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन. माग बंद. मथळे लिहून घेतले.

मथळ्यात 'सुंदर', 'राजेशाही' नको. वस्तू काय, कशाची, किती, कोणता रंग, कोणतं नक्षीकाम, याच क्रमाने : हातमाग पैठणी रेशमी स्टोल, मोर पदर, वांगी-हिरवा, 200 × 55 सेंमी. मापं दोन्ही पद्धतींत. साडी 5.5 मीटर म्हणजे 18 फूट, ब्लाउजपीस 80 सेंमी वेगळं. इंग्रजीत पैठणीचं स्पेलिंग लोक दोन-तीन प्रकारे करतात, बाकीची रूपं वर्णनात एकदा येऊ द्यायची, मथळ्यात कोंबायची नाहीत. फॉल-पिको करून हवं का, हा पर्याय पानावरच द्यायचा. परदेशात ते करून देणारं कोणी सापडत नाही, त्यामुळे त्याचे वेगळे पैसे लोक आनंदाने देतात. पण फॉल लागला की साडी परत घेतली जाणार नाही, हे त्याच चौकटीत.

पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं आहे. पण जीआयचा शिक्का साइटवर वापरायचा तर विणकर किंवा कारखाना अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला असावा लागतो. अर्ज टाकला. तोवर 'पैठणमध्ये हातमागावर विणलेली' एवढंच. सिल्क मार्कचं (शुद्ध रेशमाच्या खुणेचं) लेबल नगागणिक लावलेलं आहे, त्याचा जवळून फोटो टाकला. जरीबद्दल 'शुद्ध' हा शब्द फक्त तपासणीचा दाखला असलेल्या नगांवर.

20 सप्टेंबर

पानाचा वेग. मुख्य फोटो अडीच सेकंदांत दिसायला हवा. चित्रं वेबपी प्रकारात, लांब बाजू 1600 पिक्सेल, 200 केबीच्या आत. जरीच्या बारीक पोतामुळे पैठणीची चित्रं साध्या साडीपेक्षा जड होतात, तेव्हा मोठं करून पाहण्याची प्रत वेगळी ठेवली, ती मागितल्यावरच उतरते. 'खाली सरकल्यावर चित्र आणा' ही सोय पहिल्या चित्रालाही लागली होती, ती तेवढी काढली. त्या सोयीने मुख्य चित्रच उशिरा येतं. प्रत्येक चित्राची रुंदी-उंची कोडमध्ये लिहिली, नाहीतर पान उतरताना मजकूर उड्या मारतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं.

पाहणाऱ्याचा देश ओळखून त्याला आपोआप वेगळ्या पानावर नेणारं प्लगइन काढून टाकलं. गूगलचा रोबो बहुधा अमेरिकेतून येतो, त्याला फक्त अमेरिकेचंच पान दिसत राहतं. शिवाय गूगलच्या मर्चंट सेंटरला (दुकानांच्या वस्तूंच्या याद्या घेणाऱ्या सेवेला) दिलेल्या यादीत ऑस्ट्रेलियन डॉलर आणि पानावर दुसरंच चलन आढळलं की माल नामंजूर. आता चलन गिऱ्हाईक स्वतः निवडतं, आणि यादीतल्या प्रत्येक दुव्यातच चलनाचा कोड घातलेला आहे.

29 सप्टेंबर

पाऊस थांबायला तयार नाही, जायकवाडीतून मोठा विसर्ग चालू आहे. पाठवणी थांबवली. तयार माल वरच्या मजल्यावर.

दमट हवेत चांदीच्या जरीला काळेपणा लवकर चढतो, आणि त्याला गंधक असलेल्या वस्तू हातभार लावतात : रबरबँड, छापील वर्तमानपत्र, स्वस्त पुठ्ठा. यातलं काहीही जरीला टेकता कामा नये. धुतलेली मलमल, त्यावर आम्लरहित कागद, मग पिशवी. ओल शोषणाऱ्या पुड्या मलमलीच्या बाहेर.

4 ऑक्टोबर

पॅकिंगची यादी पक्की केली. साडीच्या घडीत कडुलिंबाचा पाला ठेवायची आपल्याकडची जुनी सवय आहे. ऑस्ट्रेलियाच्या पार्सलात पानाचा एक तुकडाही नको. तिथलं जैवसुरक्षा खातं वाळलेला पाला, बिया, गवत पाहिलं की पार्सल उघडून अडकवतं. साडीबरोबर भेट म्हणून द्यायची सुपारी आणि हळदकुंकवाची पुडीही काढली. मन राखायला हाताने लिहिलेलं कार्ड आहे.

खोका बदलला. कुरिअरवाले वजन आणि आकार यांत जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात : लांबी × रुंदी × उंची, भागिले 5000. जुना खोका 38 × 30 × 6 सेंमी, म्हणजे 1.37 किलो, पुढच्या अर्ध्या किलोला गोल होऊन 1.5. नवा 35 × 28 × 4, म्हणजे 0.78. आतला माल पॅकिंगसकट 900 ग्रॅम, तेव्हा बिल 1 किलोचं. खोक्याची उंची दोन सेंटिमीटरने उतरली की प्रत्येक पार्सलमागे अर्धा किलो वाचतो, हे कोणताही एजंट आपणहून सांगत नाही.

कस्टम्सच्या फॉर्मवर वस्तूचं नाव नेमकं, किंमत खरी. 'गिफ्ट' लिहून किंमत कमी दाखवा, असं गिऱ्हाईकच सुचवतं. दाखवलेल्या किमतीपुरतीच विम्याची भरपाई मिळते, आणि बँकेत आलेली रक्कम निर्यात बिलाशी जुळली नाही की खुलासे आपल्याला द्यावे लागतात.

9 ऑक्टोबर

पैसे आणि ईमेल. पेमेंट गेटवेवर (कार्डाने पैसे घेणाऱ्या सेवेवर) परदेशी कार्डं सुरू करायला अटी, परतावा, शिपिंग आणि संपर्क ही चार पानं साइटवर असावी लागतात, आणि बिलावरचं नाव बँक खात्याशी जुळावं लागतं. अर्ज बहुतेक इथेच अडतात. आगाऊ रकमेसाठी बँकेला सांगायचा उद्देश कोड (पैसे कशाचे ते सांगणारा) पी0103. प्रत्येक जमेचा परकीय रकमेचा दाखला महिन्याअखेर उतरवून बिलाला जोडायचा.

ऑर्डरची पोच स्पॅममध्ये जात होती. दुकानाच्या सॉफ्टवेअरने एक आणि मेल सेवेने दुसरी अशा दोन एसपीएफ नोंदी (आपल्या नावाने मेल कोण पाठवू शकतं ते सांगणाऱ्या) डोमेनवर घातल्या होत्या. एका डोमेनला एकच चालते. दोन दिसल्या की तपासणीच बाद होते. दोन्हींचा मजकूर एका ओळीत जोडला, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) चालू केलं, डीमार्क (तपासणीत नापास मेलचं काय करायचं तो नियम) सुरुवातीला फक्त 'पाहणी' पातळीवर.

16 ऑक्टोबर

अमेरिकेचं टपाल कालपासून पुन्हा सुरू. आता कर बुकिंगच्या वेळीच इथे भरायचा : जाहीर किमतीच्या 50 टक्के (हा ऑक्टोबर 2025 चा दर). कुरिअरने गेलं तर त्यावर वस्तूचं मूळ शुल्क आणि कुरिअरची सेवाफी वेगळी. टपालात ती भर नाही, म्हणून लहान वस्तू टपालानेच.

हिशोबाचा नमुना : स्टोल 120 डॉलर, कर 60, टपाल 25 धरलं तर 205. साडी 400, कर 200, टपाल 40, एकूण 640. कर किमतीत मुरवून 'मोफत शिपिंग' दाखवू नये. मुरवलेल्या किमतीवरच पुन्हा 50 टक्के बसतात. 400 ची साडी 640 म्हणून जाहीर केली तर कर 320 होतो. वस्तूची किंमत, कर, टपाल या बिलावर तीन वेगळ्या ओळी हव्यातच.

अमेरिकेत जाणाऱ्या स्टोलला शिवलेलं लेबल : तंतूंची टक्केवारी, मूळ देश, उत्पादक.

27 ऑक्टोबर

व्हिडिओ कॉलच्या वेळा. ब्रिटनचं घड्याळ काल मागे गेलं, आता आपण साडेपाच तास पुढे. सिडनीचं या महिन्याच्या पाच तारखेला पुढे गेलं. अमेरिकेचं 2 नोव्हेंबरला मागे जाईल. सकाळी सातचा कॉल कॅलिफोर्नियात आतापर्यंत संध्याकाळी साडेसहाला पडत होता, तो साडेपाचला पडेल, तेव्हा लोक कामावर किंवा रस्त्यात असतात. सकाळची वेळ आठ ते साडेनऊ केली. वेळ निवडायच्या पानावर गिऱ्हाइकाच्या गावची वेळ दिसते, 'भारतीय वेळ' लिहून त्यांना गणित घालायचं नाही.

पाठवण्याआधी व्हिडिओवर नेमका तोच नग दाखवून लेखी होकार घ्यायचा. पुढे कार्ड कंपनीकडे वाद गेला तर हा होकार, ट्रॅकिंग आणि माल मिळाल्याची सही ही तीनच कागदपत्रं कामी येतात.

6 नोव्हेंबर

ब्रिटन. 135 पाउंडपर्यंतच्या मालावर व्हॅट विक्रीच्या वेळीच घ्यावा लागतो, म्हणजे तिथे नोंदणी आली. एट्सीसारख्या ऑनलाइन बाजारपेठेतून विकलं तर ती बाजारपेठच कर घेऊन भरते. म्हणून 135 च्या आतले स्टोल ब्रिटनसाठी फक्त तिथून. साड्या त्यावरच्या किमतीच्या आहेत, त्या आपल्या साइटवरून, 20 टक्के व्हॅट आणि लागू शुल्क कुरिअरमार्फत आधी भरून. बाजारपेठेने दिलेला कराचा क्रमांक पार्सलच्या इलेक्ट्रॉनिक माहितीत गेला पाहिजे. तो फक्त चिठ्ठीवर लिहिला तर यंत्राला दिसत नाही आणि गिऱ्हाइकाकडून दुसऱ्यांदा कर मागितला जातो.

18 नोव्हेंबर

जाहिरात आता सुरू केली, आधी नाही. गूगलवर ठिकाणाच्या पर्यायात मुळात 'तिथे असलेले किंवा तिथल्यात रस असलेले' निवडलेलं असतं. ऑस्ट्रेलिया निवडूनही पैसे पुण्यात बसून ऑस्ट्रेलिया शोधणाऱ्यांवर उडतात. 'फक्त तिथे असलेले' केलं. 'स्वस्त', 'होलसेल', 'सेमी पैठणी' हे शब्द वगळणीच्या यादीत. जाहिरात नेहमी त्या-त्या देशाच्या चलनातल्या वस्तूच्या पानावर, मुखपृष्ठावर कधीच नाही.

2 डिसेंबर

परत येणाऱ्या मालाची रीत लिहून ठेवली. निर्यात केलेलीच वस्तू परत आली हे सिद्ध झालं तर आयात शुल्कातून सूट मागता येते. त्यासाठी मूळ निर्यात बिल, नगाचा क्रमांक आणि पाठवतानाचे फोटो जुळावे लागतात. म्हणून प्रत्येक नगाला काठाच्या टोकाशी लहान क्रमांकपट्टी शिवायची, तोच क्रमांक बिलावर आणि फोटोच्या नावात.

राहिलेली कामं : जीआय अर्जाचा पाठपुरावा. युरोपातल्या जबाबदार प्रतिनिधीचे दर मागवणे. 'पैठणी खरी कशी ओळखायची' हे पान उलट्या बाजूच्या फोटोंसह मराठीत आणि इंग्रजीत. मार्चअखेर एलयूटीची आठवण. अमेरिकेच्या कराचा दर दर सोमवारी तपासून तीन ओळींतली दुसरी ओळ दुरुस्त करणे.